कर्क्युमिनच्या कॅप्सूल: कोलायटिससाठी कोणती डबी घ्यावी आणि कोणती नको

मेडिकलमध्ये हळदीच्या कॅप्सूलना आता स्वतंत्र फळी असते. त्यातली सगळ्यात महाग डबी ‘शोषण 20 पट’ म्हणत पुढे उभी असते आणि साध्या अर्काची डबी मागे धूळ खात असते. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण येणाऱ्या आजारासाठी, घ्यायची असेल तर हात मागे घाला. त्याचं कारण पुढे येईलच, आधी लेबल वाचू.

डबीच्या मागच्या बाजूला तीन प्रकारचा मजकूर दिसतो. ‘हळद 500 मिग्रॅ’ एवढंच लिहिलं असेल तर ती नुसती पूड आहे. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा गुणकारी घटक, साधारण 3 टक्के, म्हणजे कॅप्सूलमागे जेमतेम 15 मिग्रॅ. ही डबी परत ठेवा, तेवढी हळद आमटीतून जाते. ‘हळदीचा अर्क 500 मिग्रॅ, 95 टक्के कर्क्युमिनॉइड्स’ (म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची भावंडं) असं असेल तर कॅप्सूलमागे 475 मिग्रॅ मिळतात, हा खरा माल. तिसरा प्रकार फसवा: पुढे ठळक ‘1000 मिग्रॅ’, मागे बारीक अक्षरांत पूड 900 आणि अर्क 100, आणि त्याखाली आणखी बारीक ‘दोन कॅप्सूलमागे’. हिशेब केला की हाती एका कॅप्सूलमागे जेमतेम 61 मिग्रॅ पडतात.

आता हे मिलिग्रॅम का मोजायचे? जपानमधल्या 2006 च्या चाचणीत आजार शांत असलेल्या 89 रुग्णांना सल्फासॅलाझिन किंवा मेसालामिन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधांच्या जोडीला नाश्त्यानंतर 1 ग्रॅम आणि रात्रीच्या जेवणानंतर 1 ग्रॅम कर्क्युमिन किंवा बिनऔषधाची गोळी दिली. सहा महिन्यांत कर्क्युमिनवाल्या 43 पैकी 2 जणांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात 39 पैकी 8 जणांचा. गोळी थांबवल्यावर पुढच्या सहा महिन्यांत हा फरक टिकला नाही. 2015 साली सौम्य ते मध्यम आजार चालू असलेल्या 50 रुग्णांना मेसालामिनसोबत रोज 3 ग्रॅम देऊन पाहिले: महिन्याभरात 26 पैकी 14 जण शांत झाले, दुसऱ्या गटात 24 पैकी एकही नाही. उलट दिल्लीच्या एम्समध्ये 62 रुग्णांना 150 मिग्रॅ दिवसातून तीनदा, म्हणजे एकूण 450 मिग्रॅ दिले, तेव्हा आठ आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले: कर्क्युमिनवाल्यांत 31.3 टक्के शांत झाले, बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत 27.3 टक्के. या चाचण्या लहान आहेत हे खरं, पण कमी मात्रेवर भरवसा ठेवावा असं त्यांत काहीच नाही.

तेव्हा 475 च्या हिशेबाने रोज चार कॅप्सूल म्हणजे 1.9 ग्रॅम, सहा म्हणजे 2.85. साठ कॅप्सूलची डबी चारच्या हिशेबाने पंधरा दिवस पुरते, सहाच्या हिशेबाने दहा. ‘रोज एक’ असं छापलेलं असतं ते तब्येतीच्या टॉनिकचं प्रमाण आहे. त्याच डबीवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ ही ओळही असते, कारण माल अन्नपूरक म्हणून विकला जातो, औषध म्हणून नाही. म्हणून चार-सहा कॅप्सूलची मात्रा पोटाच्या डॉक्टरांना सांगूनच सुरू करायची.

आता महागड्या डबीकडे. कर्क्युमिन रक्तात फार कमी उतरतं. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याला ग्लुकुरोनिक आम्ल चिकटतं आणि ते बाहेर टाकलं जातं. 1998 साली बंगळुरूत 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिग्रॅ पिपेरिन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, देऊन पाहिला तेव्हा रक्तात ते 20 पट उतरलं. जाहिरातीतला आकडा तिथून आला. सांधेदुखीवाल्याला याचा उपयोग असेल. पण कोलायटिसमधले व्रण मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर असतात. तिथे औषध आतून, अन्नाच्या वाटेनेच पोचायला हवं. जे वरच शोषलं गेलं ते यकृताकडे गेलं, व्रणापर्यंत आलंच नाही. साध्या अर्काचं न शोषलं जाणं हा इथे गुण ठरतो. वरच्या दोन यशस्वी चाचण्यांतही साधंच कर्क्युमिन वापरलं होतं.

पिपेरिनची दुसरी अडचण जास्त गंभीर. ते ज्या एन्झाइमना आडवतं तीच एन्झाइम इतर औषधंही विझवतात. फेनिटॉइन (फिट्सचं औषध), थिओफायलिन (दम्याचं), प्रोप्रानोलॉल (रक्तदाबाचं) यांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं. शिवाय अमेरिकेत 2022 साली हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले गेले, त्यांतल्या काहींच्या गोळ्यांत मिरीचा अर्क सापडला. मिरी घातलेल्या डबीला कोलायटिससाठी आमचा गुण पाचपैकी एक. फॉस्फोलिपिडमध्ये गुंडाळलेल्या किंवा हळदीचं तेल मिसळलेल्या जातींनाही शोषणाचा तोच मुद्दा लागू होतो, फक्त त्या मिरीएवढ्या इतर औषधांच्या आड येत नाहीत.

डबी घरी आणल्यावर एक कॅप्सूल उघडून पाहा. 95 टक्क्यांचा अर्क केशरीपिवळा आणि पिठासारखा बारीक असतो. काचेच्या पेल्यातल्या गार पाण्यावर टाकला तर गुठळ्या होऊन तरंगतो, पाणी फारसं रंगत नाही. चमचाभर सर्जिकल स्पिरिटमध्ये मात्र तो लगेच विरघळतो आणि गडद पिवळा होतो. पाण्यातच लख्ख पिवळा रंग उतरला तर एक तर ते पाण्यात मिसळणारं खास मिश्रण आहे, नाहीतर वरून रंग घातलेला आहे. लेबलावर मिश्रणाचा उल्लेख नसेल तर शंका घ्या. चिमूटभर ओला चुना लावला की कर्क्युमिन कुंकवासारखं लाल होतं. पण ही चाचणी फक्त कर्क्युमिन आहे एवढंच सांगते, किती आहे ते नाही. शिशाची भेसळ तर यातल्या कशानेही कळत नाही, त्यासाठी उत्पादकाकडे त्या बॅचचा जड धातूंचा अहवाल मागावा लागतो. देत नसतील तर दुसरी डबी.

साठवण: हळदीचा डाग उन्हात वाळवला की फिका पडतो हे प्रत्येक घराला माहीत असतं. कॅप्सूलमध्येही तेच होतं. पारदर्शक डबीपेक्षा काळी डबी किंवा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली पट्टी चांगली. पावसाळ्यात कोकणपट्टीत जिलेटिनची टोपणं मऊ पडून एकमेकांना चिकटतात, तिथे तर पट्टीच घ्या.

घेताना जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी मळमळ होते. पहिले तीन-चार दिवस रोज एकच, मग सकाळ-रात्र एकेक, आठवड्याने दोन-दोन. एकदम चारने सुरुवात केली की पोट फुगतं, शौचाला पातळ होतं आणि आजार उलटला की गोळी सोसली नाही हेच कळेनासं होतं. शौचाचा रंग पिवळा-केशरी होणं नेहमीचं. लघवी गडद होणं, डोळे पिवळे होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं नेहमीचं नाही. त्याच दिवशी गोळी बंद करून यकृताची तपासणी करा. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर महिन्या-दोन महिन्यांनी ती तशीही करायचीच. कर्क्युमिन लोहाला पकडून ठेवतं, आणि शौचावाटे रक्त जाणाऱ्यांत लोह आधीच कमी असतं. म्हणून लोहाच्या गोळीत आणि यात काही तासांचं अंतर ठेवा, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून पाहा.

पित्ताशयात खडे असतील तर नको, कारण कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं. रक्त पातळ करणारी औषधं किंवा टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनना आधी सांगायचं. क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याच्या दाहाच्या दुसऱ्या आजाराच्या, रुग्णांनी या डबीवर पैसे घालू नयेत. फ्रान्समध्ये आतडं कापल्यानंतर आजार परत येऊ नये म्हणून रोज 3 ग्रॅम देऊन पाहिले, उपयोग झाला नाही.

याच फळीवरचे शेजारी थोडक्यात. सालई गुग्गुळाच्या गोळ्या क्रोन्ससाठी जर्मनीत वर्षभर तपासल्या, बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. कोलायटिसवरचे तिचे चांगले निकाल छोट्या अभ्यासांतले आहेत. किराइताचा, म्हणजे काळमेघाचा, अर्क रोज 1800 मिग्रॅ दिला तेव्हा 60 टक्के रुग्णांना आराम पडला, बिनऔषधाच्या गोळीने 40 टक्क्यांना. मात्र काष्ठौषधीच्या दुकानात ‘किराईत’ मागितलं की पुष्कळदा काडेचिराईत हातात पडतं, ती वेगळी वनस्पती आहे. निळीच्या झाडापासून काढलेली नीळ, जिला चिनी औषधात छिंग दाय म्हणतात, ती या सगळ्यांत जोरकस. जपानी चाचणीत रोज 2 ग्रॅमवर 81 टक्क्यांना गुण आला. पण स्वतःहून विकत घेऊन ती घेणाऱ्या एका रुग्णाच्या फुप्फुसाच्या धमन्यांमधला दाब वाढल्याचं कळलं आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. ऑनलाइन मिळते म्हणून मागवू नका.

साध्या अर्काला पाचपैकी साडेतीन, तेही मेसालामिन चालू ठेवून घेतला तरच. गोळी सुरू करताना शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची (आतड्याची सूज दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करून आकडा लिहून ठेवा, आठ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करा. आकडा उतरला नसेल तर तिसरी-चौथी डबी आणण्यात अर्थ नाही.