पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही? इंदूरच्या जेल रोडवरच्या या दुकानात न्या

चार स्टार. पाचवा का कापला ते शेवटी सांगतो.

आमच्या बाबांचा डेस्कटॉप जुना आहे, फोर्थ जनरेशन आय फाइव्ह, डीडीआर थ्री रॅम. बटण दाबलं की पंखे फिरायचे, लाइट लागायचे आणि मॉनिटरवर नो सिग्नल. घरी एक टेक्निशियन बोलावला तर त्याने झाकण उघडून टॉर्च मारला आणि सांगून मोकळा, बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात तो) गेलाय. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या प्रोसेसरचे बोर्ड आता मिळणं अवघड, म्हणजे नवा बोर्ड घ्या, त्याला प्रोसेसर नवा, रॅम नवी, थोडक्यात अख्खा पीसीच. बाबा नवा पीसी घ्यायला सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर मार्केटला निघालेच होते, मावसभाऊ म्हणाला आधी जेल रोडच्या काकांना दाखवा.

काकांचं बरं हे की सगळं तुमच्यासमोर टेबलावर उघडतात आणि बोलत बोलत करतात. आधी विचारलं बीप वाजतो का. आमच्या कॅबिनेटमध्ये स्पीकरच नव्हता, त्यांनी ड्रॉवरमधून बोटाच्या पेराएवढा स्पीकर काढून बोर्डवरच्या पिनांना लावला. मग दोन्ही रॅम काढल्या आणि रॅमशिवायच पीसी चालू केला. मी म्हटलं अहो काका हे काय, तर लांब लांब बीप सुरू झाले आणि काका खूश! म्हणाले, "ऐका भिया, रॅम नाही म्हणून ओरडतोय ना, म्हणजे बोर्ड नि प्रोसेसर दोन्ही जिवंत. मेलेला बोर्ड ओरडत नाही." हा बीप गप्प राहिला असता तर पुढे एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), प्रोसेसरची ती चार किंवा आठ पिनांची वेगळी वायर, फुगलेले कपॅसिटर असं बघत गेले असते, पण तिकडे जायची वेळच आली नाही.

मग साधं पांढरं खोडरबर घेऊन रॅमचे सोनेरी दात दोन्ही बाजूंनी घासले, चुरा ब्रशने झटकला, एक रॅम लावली आणि डिस्प्ले आला. दुसरी लावली की परत काळं. इथे बरेच जण दुसरी रॅम खराब म्हणून नवी विकतील, काकांनी तीच रॅम पहिल्या स्लॉटमध्ये लावून बघितली, चालली, म्हणजे लोचा स्लॉटमध्ये. स्लॉट साफ केला तरी जमलं नाही, आता पीसी एका रॅमवर चालतो, जरा स्लो आहे पण बाबांच्या हिशेबाला आणि नाटकांच्या व्हिडिओला पुरतो.

डिस्प्ले आला तरी विंडोज येईना, रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस असं लिहून येत होतं. माझ्या मनात लगेच हार्ड डिस्क गेली. पण बोर्डवरचा तो गोल सेल, सीआर २०३२, मीटरवर ३ व्होल्टच्या जागी बराच खाली दाखवत होता, त्यामुळे बायोसची (पीसी चालू होताना आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) तारीख नि सेटिंग सगळी उडाली होती आणि बूट मोड बदलून बसला होता. आमचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं, आणि बायोस फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीवालं शोधत बसलेला. सेल बदलला, मोड लेगसी केला, बूटच्या यादीत विंडोजवाली एसएसडी वर घेतली, विंडोज आलं. फॉरमॅट मारायची भाषा एकदाही नाही, हे मला सगळ्यात आवडलं कारण बाबांचे सगळे फोटो त्यात होते. उलट दुसऱ्या जुन्या हार्ड डिस्कची हेल्थ दाखवून म्हणाले हिच्यात कॉशन, म्हणजे धोक्याचा इशारा येतंय, आजच डेटा कॉपी करून ठेवा.

सेलसकट ४०० रुपये घेतले. आधी कबूल केलेले तेवढेच.

आता तो कापलेला स्टार. फोन उचलतच नाहीत, काम झालं का ते बघायला स्वतः जावं लागतं. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, तेही हाताने लिहिलेलं. जिना अरुंद, कॅबिनेट घेऊन चढताना जपून. गाडी लावायला जागा नाही, राजवाड्याच्या बाजूला कुठेतरी लावून चालत या, आणि मॉनिटर-कीबोर्ड आणू नका, तिथे आहेत. लॅपटॉपचं चिपवालं काम ते करत नाहीत, तसं तोंडावर सांगतात. आणि हो, जायच्या आधी घरी बघून घ्या, ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डलाच लावलीय ना, आणि मागे एखादा पेन ड्राइव्ह अडकून राहिलाय का. माझ्यासमोर एक जण कॅबिनेट उचलून आला होता, पेन ड्राइव्ह काढल्याबरोबर विंडोज सुरू, काकांनी पैसे पण नाही घेतले.