ईपर ते नव्ह-शापेल: कॅम्परव्हॅनमधल्या तीन रात्री

बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांच्या मनात फ्रान्समधलं नव्ह-शापेल होतं, पहिल्या महायुद्धात पडलेल्या हिंदुस्थानी जवानांचं स्मारक आहे ते. यंदा भाड्याने सहा मीटरची व्हॅन घेतली आणि बेल्जियम-फ्रान्सच्या सीमेवर तीन रात्री काढल्या. तिन्ही मुक्कामांचं हे माझं मत.

पहिला बेल्जियममधल्या ईपरचा, गावाला लागूनच असलेल्या येउख्तस्टाडियोन कॅम्पसाइटवर. वीज, पाणी, टॉयलेटची कॅसेट (मैल्याची टाकी) रिकामी करायची सोय, सगळं जागेवर. पण मी पैकीच्या पैकी गुण देते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मेनिन गेट, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या बेपत्ता सैनिकांचं स्मारक, तिथून चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे. 1928 पासून तिथे रोज रात्री आठला बिगुलवर 'लास्ट पोस्ट' हा सैनिकी मानवंदनेचा सूर वाजतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना तो थांबला होता. 6 सप्टेंबर 1944 ला गाव सुटलं आणि त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाला. बिगुल वाजेपर्यंत बाबा सावधानमध्ये उभे होते. नंतर गावाच्या तटबंदीवरून चालत परतलो, वाटेत एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री मला गाडी चालवावी लागली नाही, याचं मोल फार आहे.

दुसरी रात्र फ्रान्समधल्या एका छोट्या गावाच्या 'एर'वर, म्हणजे नगरपालिकेने कॅम्परव्हॅनसाठी राखलेल्या जागेवर. जमीन सपाट, शांतता चांगली. पण पाण्याच्या यंत्रात नाणी चालत नाहीत, टोकन लागतं. ते बेकरीत मिळतं आणि बेकरी त्या दिवशी बंद. टाकी तळाला गेलेली. बाबांनी बाटलीतल्या पाण्यावर दाढी केली. तेव्हा अशा जागी पोचण्याआधीच टाकी भरून घ्या.

तिसरा मुक्काम शेतावर, 'फ्रान्स पॅसियों' या योजनेतून. वार्षिक सदस्यत्व घेतलं की शेतकरी आपल्या आवारात एक रात्र फुकट राहू देतात, खरेदीची सक्ती नसते. गाडीत स्वतःचं टॉयलेट मात्र हवंच. आमच्या यजमानांनी आधी एकच गोष्ट बजावली: बांधावर गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावायचा नाही. नांगराला अजून पहिल्या महायुद्धातले तोफगोळे लागतात.

तिथून सकाळी लवकर नव्ह-शापेल. चौकातच स्मारक आहे, गाडी लावायला जागा थोडी. रात्री तिथे थांबायचा विचारही करू नका, ती झोपायची जागा नाही. स्मारक वास्तुविशारद हर्बर्ट बेकरने उभारलेलं, 1927 चं. सांचीच्या कठड्यासारखी दगडी जाळी, सुमारे पंधरा मीटरचा स्तंभ, आणि ज्यांची कबरही सापडली नाही अशा 4,700 हून अधिक हिंदुस्थानी जवानांची नावं. स्तंभावर इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीसोबत देवनागरी अक्षरंही कोरली आहेत. फ्रान्सच्या शेतामध्ये ती वाचताना माझा घसा दाटून आला.

बाबांनी भिंतीवर गढवाल रायफल्सचा गबर सिंह नेगी शोधला. 10 मार्च 1915 ला पडला, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. कोरलेल्या अक्षरांत साचलेलं दव त्यांनी रुमालाने टिपलं. व्हॅनमध्ये येऊन चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाळा, अजून एकदा जाऊन येतो."

मी गॅस बंद केला आणि त्यांच्या मागोमाग निघाले.