‘बीच’ मागवलं, घरी आलं करंज (२ स्टार)

पॅकिंगला एक स्टार, झाडाला एक स्टार, दुकानाला भोपळा. दुकानाचं नाव नाही टाकत, ऑनलाइन असे ढीगभर आहेत, फोटो सगळ्यांचा तोच.

झालं असं की दारव्ह्याजवळ आमचं शेतातलं घर, समोर अंगण मोठं, बायको म्हणे एखादं शोभेचं झाड लावा, अशोक अन् गुलमोहर तर सगळ्यांकडेच आहे. मोबाइलवर दिसलं ‘ऑर्नामेंटल बीच ट्री’, फोटोत तांब्याच्या गुंडासारखी लालजांभळी पानं, ६४९ रुपये अन् डिलिव्हरी वेगळी. दाबलं बटण. जुलैत आलं, मुळं ओली, एक पान मोडलेलं नाही, खरं ते बोललं पाहिजे. वरची दोन-चार कोवळी पानं लालसर चमकत होती म्हणून शंका पण नाही आली.

सोबत कार्ड होतं. दुपारचं ऊन नको, माती गार अन् ओलसर पाहिजे पण पाणी साचू देऊ नका, मुळं वरवर असतात म्हणून बुडाशी पालापाचोळा टाका. आता आपली काळी भारी माती, पावसात चिखल अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. मग खड्ड्यात मुरूम टाकला, शेणखत टाकलं, वरून ग्रीन नेट बांधली, बुडाशी कुटार अंथरलं. सोयाबीनचं डवरण पडलं बाजूला अन् मी आपला त्या रोपापाशी.

पोळ्याला बाबा ताईकडून वर्ध्याहून आले. चप्पल काढायच्या आधीच म्हणे, “अबे, हे करंज होय ना! याले जाळी कायले बांधली?” मी म्हटलं बाबा, हे फॉरेनचं आहे. त्यांनी एक पान चुरगाळून माझ्या नाकापाशी धरलं, म्हणे नाल्यावर जाऊन पाह्य, किती उभे हायेत ते. गेलो तर खरंच, तोच वास, तेच पान. नाल्यावरच्या मोठ्या झाडाला एका देठावर पाच-सात पानं असतात, माझ्या रोपालाही नवीन येणारी तशीच येऊन राहिली होती. खऱ्या बीचचं पान एकेकटं असते, हे मागून समजलं.

कस्टमर केअरला फोन केला. पोरगी म्हणे सर, डिस्क्रिप्शन वाचा, ‘इंडियन बीच’ लिहिलेलं आहे. खाली बारीक अक्षरात होतं खरं. अन् करंजाला इंग्रजीत खरंच इंडियन बीच म्हणतात राजेहो, काय बोलणार! पण फोटो युरोपातल्या कॉपर बीचचा, कार्ड पण त्याचंच अन् खोक्यात करंज, एवढं सगळं चुकून होते का? दोघांचं नातं-गोतं काही नाही, करंज तर शेंगवाला, आपल्या तुरीच्या खानदानातला. परत करायची सात दिवसाची मुदत कधीच गेलेली.

मग रागारागात वाचत बसलो. खऱ्या बीचला हिवाळ्यात चांगली कडक थंडी लागते, उन्हाळा सौम्य लागते. स्कॉटलंडमध्ये मिक्लूरला १७४५ मध्ये लावलेलं बीचचं कुंपण आहे, आता शंभर फूट उंच! छाटलेल्या कुंपणाची वाळकी तपकिरी पानं हिवाळाभर अंगावरच राहतात म्हणे. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ वर जाते. म्हणजे त्यांनी खरं बीच पाठवलं असतं तरी माझे पैसे करपलेच असते.

करंजाचं म्हणाल तर जाळी काढून फेकली. उन्हाळ्यात आठ दिवसातून दोन बकेटा पाणी, बस. एप्रिलमध्ये तांबूस पालवी फुटली तेव्हा बायको म्हणे फोटोतल्यासारखं दिसते की थोडंसं. आता माझ्या खांद्याला लागते. पानांवर फोडासारख्या गाठी आल्या, त्या माइट नावाच्या बारीक किडीमुळे येतात, झाड मरत नाही, जास्त फोड असलेली पानं मी तोडून टाकली. शेळीनं एकदा तोंड लावलं अन् सोडून दिलं. फक्त भिंतीपासून वीसेक फूट लांब लावा, झाड पन्नास फुटावर जाऊ शकते, अन् फुलायला लागलं की जांभळट फुलांचा सडा रोज झाडावा लागते. बियांचं कडू तेल आजी बैलांच्या खरजेला लावायची.

घ्यायचंच असेल तर वनविभागाच्या नर्सरीत विचारा, किरकोळ पैशात मिळून जाते. ६४९ मध्ये कोणी घेऊ नका.

बाबा अजून रोज संध्याकाळी माझ्या पोराला हाक मारतात, “जाय रे, विलायती करंजाले पाणी टाकून ये.”