अपघातानंतर गाडीची पडलेली किंमत: आपली पॉलिसी की समोरच्याचा विमा?

गाडी दुरुस्त होऊन येते, बिल विमा कंपनी भरते, रंग अगदी शोरूमसारखा दिसतो. पण विकायला काढली की गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, "ठोकलेली आहे का?" आणि तिथेच लाख-दीड लाख खाली येतात. हा तोटा दुरुस्तीच्या बिलात कुठेच दिसत नाही. तो मागायला दोन दारं आहेत: आपली स्वतःची पॉलिसी आणि ज्याने धडक दिली त्याचा विमा. दोन्हींकडून मिळणारं फार वेगळं आहे, म्हणून कागद भरायच्या आधी नीट ठरवा.

आपल्या पॉलिसीबद्दल स्पष्टच सांगतो: पडलेली किंमत तिथून मिळत नाही. प्रमाणित मोटार पॉलिसीत परिणामी नुकसान (अपघातामुळे मागाहून होणारा तोटा) आणि घसारा वगळलेले असतात. कंपनी दुरुस्तीचे पैसे देते, बाजारभावाचे नाही. एजंट "झिरो डेप घेतलंय, काळजी नको" म्हणतो, पण झिरो डेप हे जादा कव्हर फक्त पार्टवरचा घसारा वाचवतं. प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर एरवी 50 टक्के कापले जातात, ते कापत नाहीत, एवढंच. रिटर्न टू इनव्हॉइस (गाडीच्या मूळ बिलाएवढी रक्कम देणारं जादा कव्हर) तर गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तरच कामाला येतं, आणि टोटल लॉस धरतात तो दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला तर. म्हणजे ज्याच्या गाडीचं बिल आयडीव्हीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर आलं, त्याची सगळ्यात जास्त कोंडी होते. गाडी पार उघडून पुन्हा जोडलेली, बाजारात किंमत पडलेली, आणि टोटल लॉसही नाही. शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. 50 टक्क्यांपर्यंत पोचलेला बोनस चूक दुसऱ्याची असतानाही गमवावा लागतो, हे मला अन्यायाचं वाटतं, पण नियम तसाच आहे. कंपनीने दुरुस्तीतच चुकीची कपात केली तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं. बाजारभावाच्या तोट्यासाठी त्याचा उपयोग नाही.

आता दुसरं दार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 165 आणि 166 प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा लावता येतो. तिथे फक्त जखमी आणि मृतांचेच दावे चालतात असा समज आहे, तो खरा नाही. समोरचं वाहन कार, ट्रक किंवा ट्रॅक्टर असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यात (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा विमा) मालमत्तेसाठी साधारण 7.5 लाखांची मर्यादा असते, दुचाकीची 1 लाख. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो, त्यामुळे पुण्याजवळ धडक बसलेल्या लातूरच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत मात्र अपघातापासून 6 महिन्यांची आहे, 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेली. "गाडी आधी नीट होऊ द्या, मग बघू" म्हणत बसलं की ती हातची जाते.

कायदा 'न्याय्य भरपाई' द्या म्हणतो, पण पडलेल्या किमतीचं सूत्र देत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 2001 च्या मॅब्री खटल्यानंतर हा तोटा स्वतःच्या विमा कंपनीकडूनही मागता येऊ लागला आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या 10 टक्क्यांपासून सुरू होणारी आकडेमोड रूढ झाली. आपल्याकडे असं तयार कोष्टक नाही. म्हणून सगळी भिस्त पुराव्यावर, आणि समोरचा वकील तो हाणून पाडायला बसलेलाच असतो.

पुरावा कसला? जुन्या गाड्यांचा जाणकार व्यापारी गाडी कशी बघतो ते आठवा. बॉनेट उघडून तो अॅप्रनवरचे (बॉनेटखालचा, चाकाजवळचा आतला पत्रा) वेल्डचे ठिपके बघतो, फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे शोधतो, दाराचं रबर ओढून पिलरवरून (छताला आधार देणारा दाराजवळचा खांब) बोट फिरवतो. बंपर, दार, बॉनेट बदललेलं त्याला फारसं खटकत नाही, कारण ते बोल्टवर बसतं. अॅप्रन, पिलर किंवा डिक्कीचा फ्लोअर कापून जोडलेला असेल, तर तो लगेच भाव पाडतो. नेमकं हेच कागदावर यायला हवं. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, न ठोकलेल्या गाडीचा भाव आणि तुमच्या गाडीचा भाव, असं दोन-तीन व्यापाऱ्यांकडून लेटरहेडवर घ्या. त्यातला कुणी साक्षीला यायला तयार असेल तर दाव्याला खरं वजन येतं.

समजा गाडीचा भाव 8 लाख होता आणि दुरुस्तीनंतर 6 लाख 80 हजार सांगितला. हे 1 लाख 20 हजार, कापलेला घसारा, आपल्या खिशातून गेलेली अनिवार्य वजावट (दर क्लेममागे आपण भरायची ठरलेली रक्कम), हे सगळं दाव्यात मागा. आपल्या कंपनीने दिलेली रक्कम पुन्हा मागू नका, एकच नुकसान दोनदा वसूल होत नाही. आणि समोरच्याने किंवा त्याच्या कंपनीने काही देऊ केलं तर 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

हंगामात बीड, लातूर, धाराशिवच्या रस्त्यांवर उसाच्या जोडट्रॉल्या रिफ्लेक्टरशिवाय उभ्या असतात. अंधारात त्यावर मागून गाडी आदळली की चूक पूर्ण त्यांचीच ठरेल असं नाही. आपल्या वेगाचाही हिस्सा काढतात आणि तेवढी भरपाई कमी होते. दुसरं म्हणजे, ट्रॅक्टरचा विमा चालू आहे का ते एमपरिवहन अॅपवर त्याच दिवशी बघा. विमा नसेल तर निकाल मालकाविरुद्ध मिळतो, पण तो पैसा वसूल करणं ही वेगळीच लढाई. अशा वेळी गावात बसून झालेली तडजोड मला वाईट वाटत नाही, फक्त ती लेखी हवी आणि किमतीचा तोटा त्यात वेगळा लिहिलेला हवा.

माझं मत असं: गाडी तीन वर्षांच्या आतली, पिलर-अॅप्रनला मार, चूक उघड समोरच्याची आणि त्याचा विमा चालू, असं असेल तर दोन्ही दारं वापरा. दुरुस्ती आपल्या पॉलिसीतून कॅशलेस करा, उरलेल्यासाठी न्यायाधिकरणात जा. गाडी आठ वर्षांची आणि फक्त बंपर गेला असेल तर तारखांमध्ये वर्षं घालवू नका. चूक आपलीच असेल तर किमतीचा दावा विसरा, फक्त क्लेम घ्यायचा की बोनस राखायचा याचा हिशेब करा. पंचनाम्याची प्रत आणि गॅरेजमध्ये पत्रा उघडल्यावरचे फोटो मात्र कोणताही रस्ता घ्या, लागतातच. नवा पत्रा बसायच्या आधी वर्कशॉपमध्ये जाऊन ते स्वतः काढा.