अंबडमधल्या आमच्या युनिटचं नेटवर्क ह्या नेटवर्किंग कंपनीकडून करून घेतलं, सविस्तर रिव्ह्यू

आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मशीनिंगचं युनिट आहे, दोन शेड आणि पलीकडे ऑफिस. आधीचं नेटवर्क म्हणजे एका स्विचला (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा डबा) दुसरा, दुसऱ्याला तिसरा असं शेपूट वाढवत नेलेलं, मधला एक बंद पडला की पुढचं सगळं डाऊन, आणि कॅमेरे, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), अकाउंट्सचे पीसी सगळे एकाच सबनेटमध्ये, म्हणजे कप्पे न पाडलेल्या एकाच नेटवर्कमध्ये.

ह्या लोकांचं मला सगळ्यात आवडलं ते कोटेशनच्या आधी विचारलेले प्रश्न. किती पोर्ट पाहिजेत ते नंतर, आधी विचारलं की इंटरनेट तासभर गेलं तर काय अडतं, सर्व्हर गेला तर काय अडतं. नेट नसलं तरी आमची मशीन चालतात, प्रोग्राम आतल्या सर्व्हरवरून येतात, पण ई-वे बिल (माल बाहेर न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) निघत नाही आणि भरलेली गाडी गेटवर उभी राहते. मग पैसे तिथेच लावले. कोअर स्विच, म्हणजे सगळं जिथे जोडलं जातं तो मुख्य स्विच, दोन न घेता एकच चांगला घेतला आणि कॉन्फिग (सगळी सेटिंग) टाकलेला स्पेअर कपाटात ठेवला, बिघडलाच तर बदलेपर्यंत थोडा वेळ जाईल पण तो आम्हाला परवडतो. इंटरनेट मात्र डबल. दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर आधीपासून होती म्हणून मालक निवांत होते, ह्यांच्या इंजिनिअरने रस्त्यावर जाऊन बघितलं तर दोन्ही केबल एकाच खांबावरून आलेल्या! एखादा डंपर लागला की दोन्ही गेल्या. आता दुसरं कनेक्शन 4जी राउटरवर आहे.

ऑफिस ते शेड फायबर टाकली. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा 100 मीटर आणि आमचा रूट त्याच्या वर जातो, पण अंतर कमी असतं तरी फायबरच टाकली असती असं ते म्हणाले, कारण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की तांब्यातून सर्ज (विजेचा अचानक झटका) येऊन पोर्ट जळतात, काचेतून करंट येतच नाही. नाशकात मे महिन्यात काय होतं ते आपल्याला माहितीये.

फायबर दोन बाजूंनी फिरवून रिंग केली आणि आरएसटीपी चालू केलं, म्हणजे रिंगमधली एक लिंक बंद ठेवायची आणि दुसरीकडे तुटलं की ती आपोआप चालू करायची अशी स्विचमधली सोय. हँडओव्हरच्या वेळी मी पिंग (लाईन चालू आहे का ते सतत तपासणारी कमांड) चालू ठेवून स्वतः एक पॅच कॉर्ड (जोडणारी छोटी केबल) उपटली, एक-दोन पॅकेट गेले आणि परत चालू. ह्याच्या आधीच्या जुन्या एसटीपीला ह्याच कामाला 30 ते 50 सेकंद लागतात. एरवी एक लिंक ब्लॉक होऊन रिकामी पडून राहते, ती बँडविड्थ वाया नाही का जात असं मी विचारलं तर त्यांनी तिथेच हिशोब मांडला, 24 कॅमेरे, प्रत्येकी 4 एमबीपीएस, झाले 96, म्हणजे 1 जीबीपीएसच्या एका लिंकचा दहावा हिस्सा पण नाही. दुसरा एक व्हेंडर आम्हाला 10 जीबीपीएसचे स्विच घ्या म्हणून मागे लागला होता.

व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे कप्पे, चारच केले. मला प्रत्येक डिपार्टमेंटला वेगळा हवा होता, त्यांनी सरळ नाही सांगितलं, जेवढे व्हीलॅन वाढतील तेवढे फायरवॉलचे (कुणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरवणारं यंत्र) रूल वाढतात आणि ते सांभाळायला तुमच्याकडे माणूस कोण? मला पटलं. विंडोज एक्सपीवर चालणारे मशीनचे जुने कंट्रोलर मात्र वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकून त्यांचं इंटरनेट पूर्ण बंद केलं, ते फार गरजेचं होतं.

आता तक्रारी. पीओई स्विचचा (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) प्रत्येक पोर्ट 30 वॅट देतो पण सगळे मिळून 370 वॅटच, 24 पोर्ट पूर्ण लोडवर चालवायचे तर 720 लागतील. हे कोटेशनमध्ये ठळक लिहायला हवं होतं, आम्ही फिरणारे कॅमेरे वाढवले तेव्हा काही कॅमेरे आपोआप बंद व्हायला लागले आणि मग हे कळलं. शेडमधल्या स्विचला यूपीएस पण दिला नव्हता, लाईट झटका मारून गेली की तो रिस्टार्ट, शेवटी आम्ही वेगळा घेतला. आणि आमची सुट्टी शनिवारी, ह्यांची रविवारी, त्यामुळे रविवारी फोन लागत नाही, एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) करताना हे आधी बोलून घ्या.

कागदपत्रं मात्र एक नंबर. रॅकच्या दाराला आतून ड्रॉइंग चिकटवलंय, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल, सगळे पासवर्ड आणि कॉन्फिगचा बॅकअप आमच्या ताब्यात. उद्या दुसऱ्या कुणाकडून काम करून घ्यायचं म्हटलं तरी ह्यांच्यावाचून अडणार नाही. रेट बाकीच्यांपेक्षा जास्त आहे, दहा-बारा पीसींच्या साध्या ऑफिसला एवढ्याची गरज नाही, पण शॉपफ्लोअर असेल तर ह्यांना साईटवर बोलावून एकदा बोलाच.