रीफ, वर्षावन आणि आउटबॅक: विद्यार्थ्यांच्या ऑस्ट्रेलिया सहलीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

पुढच्या मे महिन्याचं बुकिंग सुरू झाल्यापासून पालकांचा एकच प्रश्न येतोय: "मॅडम, पैसे वसूल होतात का?" यंदाच्या मे महिन्यात आमच्या पुण्याच्या शाळेतली नववी ते अकरावीची मुलं घेऊन मी या सहलीला गेले होते. जीवशास्त्र शिकवते, म्हणून सोबतीला माझी वर्णी लागली. आता दिवाळी होऊन गेली. मुलांच्या डोक्यात काय टिकलं आणि काय पुसलं गेलं ते वर्गात रोज दिसतं, त्यावरूनच सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाही. हाच मार्ग थोड्याफार फरकाने बरेच जण विकतात: केर्न्स या किनाऱ्यावरच्या शहरातून ग्रेट बॅरियर रीफ (समुद्रातली प्रवाळांची रांग), मग डेनट्रीचं वर्षावन, तिथून विमानाने आउटबॅकमधलं, म्हणजे आतल्या कोरड्या प्रदेशातलं ॲलिस स्प्रिंग्ज आणि पुढे बसने उलुरू हा प्रचंड लाल खडक. व्हिसा, विमान, विमा सगळं धरून माणशी साडेचार लाखांच्या घरात गेलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या व्हिसाला आई-वडील दोघांची लेखी संमती लागते. वडील परदेशात असतील तर हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दुसरं, खाऊ. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचा पदार्थ आहे असं स्पष्ट लिहायचं आणि अधिकाऱ्यांना दाखवायचं. लिहिलेल्याचा त्रास होत नाही, लपवलेल्याचा दंड होतो. बुटांना चिखल असेल तर तोही विचारतात, म्हणून सह्याद्रीत घातलेले बूट धुऊन न्या.

आता रीफ. जाहिरातीत 'ग्रेट बॅरियर रीफ पाहा' असं लिहिलेलं असतं. ही रीफ २३०० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यात २९०० च्या आसपास वेगवेगळ्या रीफ आहेत. आपण त्यातल्या एकीच्या कडेला नांगरलेल्या तरंगत्या फलाटावर उतरतो. बाहेरच्या रीफपर्यंत बोटीला दीड-दोन तास लागतात आणि मे महिन्यात आग्नेयेचे वारे सुरू झालेले असतात, त्यामुळे बोट चांगलीच आपटते. निम्मी मुलं कागदी पिशव्या घेऊन बसली होती. आलेपाक घेऊन आलेल्या मुलीचा भाव त्या दिवशी वधारला.

पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. दमा असलेल्या मुलाला अडवत नाहीत, पण वेगळ्या रंगाचं जॅकेट आणि तरंगायला फोमची नळी देतात, आणि पहारेकऱ्याची नजर त्याच्यावर राहते. फॉर्मवर खरं लिहा. तिथल्या किनाऱ्याजवळ साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा हंगाम असतो, म्हणून मानेपासून घोट्यापर्यंत लायक्राचा सूट चढवावा लागतो. त्यात सगळे सारखेच विचित्र दिसतात, त्यामुळे लाजायचं कारण उरत नाही.

पाण्याखालचा पहिला धक्का रंगांचा. मुलांच्या मनात निळं-गुलाबी-जांभळं प्रवाळ होतं आणि समोर बराचसा मातकट, शेवाळी, तपकिरी रंग. एकीने डोकं वर काढून विचारलं, "मेलंय का हे?" आमच्याबरोबर पोहणारी मरीन बायोलॉजिस्ट हसली. तपकिरी म्हणजे तब्येत उत्तम, तिने सांगितलं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. तो तपकिरी रंग त्या शैवालाचा. पाणी उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर ही भागीदारी तुटते, शैवाल बाहेर पडतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. काही जाती पांढऱ्या पडण्याआधी झगझगीत निळ्या-जांभळ्या होतात, आणि लोक नेमका त्यांचाच फोटो काढतात. १९९८ आणि २००२ नंतर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५ अशी मोठ्या प्रमाणावरची विरंजनं, म्हणजे प्रवाळ असं पांढरं पडणं, तिथे झाली. पाठ्यपुस्तकात सहजीवनावर एक परिच्छेद आहे, तो मी कित्येक वर्षं शिकवतेय. मुलांना तो कळला त्या पाण्यात. पोपटमासा चोचीने प्रवाळ खरवडतो तो कुरकुर आवाज पाण्याखाली स्वच्छ ऐकू येतो. तेच पीठ पुढे वाळू होऊन त्याच्या शरीरातून बाहेर पडतं. तो प्रसंग प्रत्यक्ष समोर घडला आणि त्यानंतर किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूकडे कोणीही पूर्वीच्या नजरेने पाहिलं नाही.

तक्रार इथेच आहे. त्या फलाटावरच्या तीन-चार तासांत काचेच्या तळाची बोट, जेवणाचा बुफे, एक भाषण, सामूहिक फोटो असं इतकं कोंबलं होतं की प्रत्यक्ष पाण्यात तासभरही धड मिळाला नाही. ज्यासाठी एवढं आलो तेच सगळ्यात कमी! बुफेच्या रांगेत जाणारा वेळ पाण्यात दिला असता तर कोणी उपाशी मेलं नसतं. मुलाला पोहता येत नसेल तर हा तासही जॅकेटशी झटण्यात जातो. शॉपिंगच्या यादीत महागडा कॅमेरा लिहिण्याआधी त्याला एप्रिलमध्ये तलावावर पाठवा.

डेनट्रीकडून माझी फारशी अपेक्षा नव्हती. कोकणात, आंबोलीत पावसाळी जंगल पाहिलेल्यांना वेगळं काय दिसणार, असं वाटत होतं. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि बसमधला कराडकडचा मुलगा उठून उभाच राहिला. त्याच्या आजोबांचा ऊस सहकारी कारखान्याला जातो. वाटेतल्या मॉसमन गावचा साखर कारखाना बंद पडलाय आणि शेतकऱ्यांना ऊस लांब न्यावा लागतो, हे ड्रायव्हरने सांगितल्यावर त्याने असे प्रश्न विचारले की मी वहीत लिहून घेतले. याच उसासाठी १९३५ साली हवाईहून केन टोड आणले गेले. उसाच्या मुळांना लागणारी हुमणी हे बेडूक खातील, अशी कल्पना. हुमणीचं काही बिघडलं नाही. बेडूक मात्र उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरले, आणि ते विषारी असल्यामुळे त्यांना खाणारे साप, घोरपडी, क्वोल नावाचे छोटे मांसाहारी प्राणी मरू लागले. हुमणीचा त्रास आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून ही गोष्ट मुलांना लगेच भिडली.

मॉसमन गॉर्जला (मॉसमनजवळच्या घळीत) तिथल्या मूळ रहिवासी कुकू यलंजी समाजाचे गाईड जंगलात नेतात. ही त्यांचीच भूमी. २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी पूर्वेकडच्या कुकू यलंजींना अधिकृतपणे परत मिळाली. आत जाण्याआधी धूर करून स्वागत होतं. आमचे गाईड पन्नाशीचे असावेत, बोलणं कमी. एका झाडाची मूठभर पानं तोडून, ओढ्याच्या पाण्यात बुडवून त्यांनी चोळली आणि हात फेसाने भरला. मुलांना मी एवढंच म्हटलं, रिठा. मग गाईडनाही रिठ्याबद्दल सांगितलं, ते म्हणाले, "मग तुम्हाला माहितीच आहे की!" पुढे झाडावर पानं शिवून केलेलं मुंग्यांचं घरटं दाखवलं. हिरव्या पोटाची मुंगी अलगद धरून जिभेला लावली तर लिंबासारखी आंबट लागते. कोकणातली मुलगी म्हणाली, "हे तर आमचे हुमले!" आणि खरंच, जात तीच, रंगाचा काय तो फरक. डंखाची झाडं लांबूनच दाखवली गेली: गिम्पी-गिम्पीच्या पानावरची लव काचेच्या सुयांसारखी त्वचेत शिरते आणि दुखणं आठवडे-महिने टिकू शकतं.

या चालण्यात जेमतेम किलोमीटरभर अंतर झालं असेल, तरी दीड तास कुठे गेला कळलं नाही. कॅसोवरी मात्र आम्हाला दिसली नाही. तिच्या विष्ठेचा ढीग दिसला, त्यात अख्ख्या बिया. मोठी फळं गिळून त्यांच्या बिया दूरवर टाकणारा या जंगलातला हा सगळ्यात मोठा पक्षी, आणि अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं नराचं काम. मुली यावर खूश झाल्या, मुलं गप्प.

ॲलिस स्प्रिंग्जला १९५१ मध्ये रेडिओवर सुरू झालेली स्कूल ऑफ द एअर पाहिली. शेकडो किलोमीटरवरच्या गोठ्या-मळ्यांवरची मुलं घरून शिकतात. लॉकडाउन भोगलेल्या आमच्या मुलांना त्याचं फार नवल वाटलं नाही. मला वाटलं. पुढचे साडेचारशे किलोमीटर बसचे. तीनेक तासांनी डावीकडे सपाट माथ्याचा डोंगर दिसतो आणि अख्खी बस 'उलुरू, उलुरू' म्हणून ओरडते. तो माउंट कॉनर. ड्रायव्हर रोज हे ऐकतो, तो मान वळवत नाही.

रस्त्याच्या कडेची डेझर्ट ओकची तरुण झाडं लांबून उभ्या केलेल्या खराट्यासारखी दिसतात. बुटकी नाहीत, पण फांद्याही नाहीत. मूळ खोल पाण्यापर्यंत पोचेपर्यंत झाड वरती पसरतच नाही. पाणी लागलं की मग फांद्या फुटून छत्री होते. ही एकच माहिती अकरावीतल्या एका मुलाला इतकी आवडली की आता मुळांवरचा त्याचा प्रकल्प चालू आहे.

पालक हमखास विचारतात, "वर चढू देतात का?" नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून उलुरूवर चढणं कायमचं बंद आहे. १९८५ मध्ये त्याच तारखेला ही जमीन तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांना परत मिळाली होती. चढायचं काही अडतही नाही. पायथ्याचा घेर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास आहे आणि खडक ३४८ मीटर उंच. सह्याद्रीत वाढलेल्या मुलांना डोंगर म्हणजे आडवे थर. इथे सगळे थर उभे. "मॅडम, कोणीतरी अख्खा डोंगर फिरवून ठेवलाय," असं एक जण म्हणाला, आणि घडलंय साधारण तसंच, फक्त कोट्यवधी वर्षांत. लाल रंग वरवरचा, लोखंड गंजून आलेला. गुहेच्या आत तोच खडक राखाडी दिसतो. रेंजरबरोबर 'माला वॉक' केला. त्यात एक गुहा आहे जिथे आजोबा मुलग्यांना भिंतीवर चित्रं काढून जंगलात जगणं शिकवत. काही जागांवर फोटो काढायला मनाई आहे, तशा पाट्या आहेत. आमच्यातल्या दोघांचे फोन मीच ठेवून घेतले. मे महिन्यात दिवस छान, पण पहाटे दात वाजतात, आणि आमच्या पत्रकात फक्त 'हलका स्वेटर' लिहिलं होतं.

कंपनीचा आणखी एक हिशेब. 'सर्व उद्यानांचे प्रवेश शुल्क समाविष्ट' असं ठळक छापलं होतं. उलुरूच्या उद्यानात अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफतच आहे. जैन मुलांना दोन ठिकाणी बटाटा-कांदा सोडून सॅलड आणि पाव एवढंच मिळालं. आधी लेखी कळवूनही. विचारल्यावर 'हॉटेलची चूक' आणि हॉटेल म्हणे 'आम्हाला कळवलंच नाही'.

सूर्यास्ताच्या जागी प्रत्येकाने शंभरेक फोटो काढले. ते कोणी परत पाहिले नाहीत, मी विचारलं. केर्न्सच्या बाजारातला अर्धा दिवसही कोणाला आठवत नाही. चर्चा निघते ती तपकिरी प्रवाळाची, साबणाच्या पानाची, खराट्यासारख्या झाडाची. म्हणजे जिथे एखादा जाणकार माणूस थांबून बराच वेळ काहीतरी दाखवत बसला त्याची. दिवाळीच्या सुट्टीत आमच्यातल्या काही मुली मालवणला गेल्या, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरल्या. परत येऊन त्यांनी मला फोटो दाखवले: प्रवाळावर पाय रोवून उभे राहिलेले पर्यटक, आणि शेजारी त्यांचा हात धरलेला गाईड. त्याला त्यांनी 'हे जिवंत आहे' असं सांगून पाहिलं, तो म्हणाला, "दगडच आहे, ताई."

पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा: रीफवर प्रत्यक्ष पाण्यातला वेळ किती, मॉसमनला कुकू यलंजी गाईड आहे की बस थांबवून नुसती नदी, आणि उलुरूला दोन मुक्काम की एक. एकच असेल तर दुसरी कंपनी बघा. शॉपिंगचा दिवस काढून तो डेनट्रीत द्यायला सांगितलं तर बऱ्याच कंपन्या ऐकतात, आमच्या पुढच्या तुकडीसाठी ऐकलं. आणि कुटुंबासह जाणार असाल तर केर्न्स-मॉसमन भागासाठी मला तर ग्रुप टूरची गरजच वाटत नाही. रस्ता आपल्यासारखाच डावीकडून, अंतर जेमतेम ऐंशी किलोमीटर, आणि मॉसमनचे गाईड थेट तिथल्या केंद्रावर बुक करता येतात.