खोकं नवं, आतला ड्राइव्ह जुना

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारा वेगवान ड्राइव्ह) टाकल्यावर लॅपटॉप सुसाट सुरू झाला की गिऱ्हाईक खूश होऊन दुकानातून बाहेर पडतं, आणि नवा ड्राइव्ह दाखवून जुना बसवायच्या फसवणुकीचा सगळा खेळ त्या खुशीवर चालतो. माझ्या लॅपटॉपमध्ये 5400 आरपीएमची फिरती हार्ड डिस्क होती. ती सेकंदाला शंभरेक एमबी वाचते. साध्या साटा एसएसडीचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीवाल्याचा, वेग 500 च्या पुढे जातो आणि एनव्हीएमई, म्हणजे नव्या, जास्त वेगवान जोडणीचा असेल तर जेन 3 या जुन्या पिढीतसुद्धा 3,000 ओलांडतो. पण बैलगाडीतून उतरलेल्याला लाल डबाही विमानच वाटतो. विंडोज डोळ्यांदेखत उघडतंय म्हटल्यावर आपल्या पदरात नक्की काय पडलंय, हे तपासायला बसतंय कोण?

मी लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिट करते. एकेका लग्नाचं फुटेज शे-दीडशे जीबी भरतं, म्हणून 1 टीबीची एनव्हीएमईच हवी हे ठरवून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. लॅपटॉपचं मॅन्युअल आधी पाहिलं होतं, एम.2 स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) रिकामा होता आणि एनव्हीएमई चालेल असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

दुकान म्हणजे दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढा गाळा आणि वर लाकडी माळा. माणूस गोड बोलणारा. माझ्यासमोर सीलबंद खोकं फोडलं, ड्राइव्ह हातात दिला, कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटीही दाखवली. सगळं खरं होतं, हे मी आजही सांगते. त्या खोक्यातला माल अस्सलच होता. मग त्याने ड्राइव्ह आणि लॅपटॉप पोऱ्याच्या हातात दिला आणि माळ्यावर पाठवला. "ताई, वर बसायला जागा नाही. तुम्ही चहा घेऊन या, अर्ध्या तासात तयार."

परत आले तेव्हा लॅपटॉप सुरू होता. सी ड्राइव्ह 931 जीबी. (यात लबाडी नसते, उगाच भांडू नका. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1,024 ने, म्हणून 1 टीबीचे 931 दिसतात.) रिकामं खोकं माझ्या हातात देत म्हणाला, "वॉरंटीसाठी जपून ठेवा." ते खोकं घेऊन मी समाधानाने लोकल पकडली.

दोनेक महिन्यांनी मावसभाऊ घरी आला होता. फोर-के फुटेज अडखळताना बघून तो म्हणाला, "ताई, एनव्हीएमईवर एवढं अडखळायला नको." त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. ड्राइव्हचं नाव भलत्याच कंपनीचं. इंटरफेस सिरियल एटीए, म्हणजे साटा. सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबरशी जुळेना. आणि पॉवर ऑन अवर्स, म्हणजे ड्राइव्ह आजवर किती तास चालू होता तो आकडा, 11 हजारांच्या वर. कुठल्या तरी ऑफिसच्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह असणार. रोज दहा तास धरले तरी तीन वर्षांचं काम त्याने करून ठेवलेलं.

खोक्यातला नवा ड्राइव्ह माळ्यावर चढला आणि खाली आलाच नाही.

जाब विचारल्यावर दुकानदाराने दिलेली उत्तरं ऐकण्यासारखी होती, कारण ती तुम्हालाही ऐकावी लागतील. पहिलं उत्तर: "तुमच्या लॅपटॉपचा स्लॉटच स्लो आहे, म्हणून साटा दिसतंय." हे साफ खोटं. एनव्हीएमई ड्राइव्ह स्लॉटमुळे साटा होत नाही. स्लॉट फक्त साटाचा असेल तर तो ड्राइव्ह दिसतच नाही. दुसरं: "ते सॉफ्टवेअर काहीही दाखवतं." मी म्हटलं, दादा, तुमच्या बिलाला दोन महिने झालेत. दोन महिने रात्रंदिवस चालू ठेवला तरी दीड हजार तास भरत नाहीत, अकरा हजार आले कुठून? यावर तो क्षणभर गप्प झाला. मग तिसरं, जे त्याने बहुधा अशाच वेळेसाठी राखून ठेवलं होतं: "मग तुम्हीच बाहेर कुठेतरी बदलून आणला असेल. बिलात काय लिहिलंय? 1 टीबी एसएसडी. तेच दिलंय."

बिलात खरंच तेवढंच होतं. ना मॉडेल, ना सिरियल नंबर, ना एनव्हीएमई हा शब्द. जीएसटी बिल पक्कं असूनही ते या भांडणात निरुपयोगी ठरतं ते इथे. बिलावर सिरियल नंबर लिहायला अर्धा मिनिट लागतो. जो दुकानदार टाळाटाळ करतो त्याच्या माळ्यावर काही पाठवू नये. त्याच रस्त्यावर काउंटरवरच, तुमच्या डोळ्यांसमोर लॅपटॉप उघडणारेही आहेत. थोडं थांबावं लागतं, एवढंच.

आणि दुकान सोडण्यापूर्वी तिथेच बघा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक केलं की मॉडेलचं नाव येतं, त्यासाठी काही टाकावंही लागत नाही. सिरियल नंबर आणि तास बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो लागेल. त्याची इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन जा. अगदी नव्या ड्राइव्हचे तास शून्य किंवा एखाद-दुसरा असतात. मात्र कमी तास दिसले म्हणजे सुटलो असंही नाही, कारण हा आकडा पुसता येतो. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. त्यांचे नेहमीचे तास शून्यावर आणलेले होते आणि खरे तास सापडले ते डिस्कमधल्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत. म्हणून भरवसा ठेवायचा तो सिरियल नंबरवर: खोक्यावरचा, ड्राइव्हच्या स्टिकरवरचा आणि स्क्रीनवरचा, तिन्ही एकच हवेत.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यातून काही निघालं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही; दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. प्रकरण अजून चालू आहे.

जुना ड्राइव्ह मी काढून ठेवलाय. चालू ठेवला असता तर तास वाढत गेले असते आणि समोरच्याला बोलायला आणखी जागा मिळाली असती. काढण्याआधी स्क्रीनचे फोटो घेतले, तारखेसकट. नवा ड्राइव्ह मावसभावाने घरीच बसवला. मागचं झाकण उघडून आधी बॅटरीची वायर सोडायची, ड्राइव्ह तिरका सरकवायचा, खाली दाबायचा, एक बारीक स्क्रू आवळायचा, झालं. वेळ गेला तो डेटा क्लोन करण्यात, म्हणजे विंडोजसकट सगळं जसंच्या तसं नव्या ड्राइव्हवर उतरवण्यात. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर नव्या ड्राइव्हवर विंडोज ती मागत बसतं.